बँकॉकमध्ये मी रद्द केलेली गाडी

परळ

बँकॉकला जाऊन आलो म्हटलं की आपल्याकडे पुरुषमाणसाकडे लोक कसे बघतात, ते मला आता चांगलं ठाऊक झालंय. ऑफिसच्या लिफ्टमध्ये दोघांनी डोळा मारला. एकाने विचारलं, "काय रे अंत्या, एकटाच गेलेलास? वहिनींना सांगितलंस तरी का?" बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. मी तिसऱ्याच मजल्यावर उतरलो आणि जिन्याने वर गेलो. पण प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं, असं तेव्हा वाटलं. ज्यांना तिकडे जायचंय त्यांना निदान एवढं तरी कळेल, की परक्या गावात ॲपवरून गाडी बोलावताना काय करू नये.

मी चोपन्न वर्षांचा. फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून म्हणून लागलो, हल्ली त्यालाच एक्झिक्युटिव्ह म्हणतात, काम तेच आहे. परळला आमची चाळ होती तिथे टॉवर झालाय, त्यात सतराव्या मजल्यावर आई, बायको सुमन, मुलगी केतकी आणि मी. धाकटा भाऊ मंगेश बँकॉकमध्ये एका इंडियन हॉटेलात कुक होता. नऊ वर्षांपूर्वी गेला तो एकदाही घरी आला नाही, आणि त्याचं कारण मी. तो पीत असे. सुमनच्या भावाच्या लग्नात भर मांडवात पडला, तेव्हा मी त्याला घरी आणून दारातच सांगितलं, "या घरात परत पाऊल टाकायचं नाही." आमच्याकडच्या घरांतून अशी वाक्यं दर वर्षी कोणी ना कोणी कोणाला बोलतंच, आणि दिवाळीला दोघं शेजारी बसून चकल्या खातात. मंगेशने ते खरं धरलं. आईला दर रविवारी फोन करायचा, माझं नाव काढायचा नाही. मीही कधी फोन मागून घेतला नाही. नऊ वर्षं अशीच गेली, त्याला काही मोठं धैर्य लागत नाही.

एका मंगळवारी सकाळी डबा भरत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. किरण नावाचा नेपाळी, मंगेशबरोबर तंदूरवर काम करणारा. "भैया, मंगेश भाई नहीं रहे. किचन में ही गिर गए." हृदय बंद पडलं होतं.

देह इकडे आणायचा तर कागदपत्रांना किती दिवस लागतील ते कोणीच सांगेना. आई एक्क्याऐंशी वर्षांची. ती रडली नाही. खाटेवर बसून म्हणाली, "आग थंयच दी तेका. पण तेका घेवन ये. माका एकदा हातात घेवक व्हया माझ्या झिलाक." माझ्याकडे ती बघतसुद्धा नव्हती. एवढंच काम होतं माझं. भावाच्या अस्थी आईच्या हातात आणून द्यायच्या, बस्स.

विमानतळ, चौथ्या दारासमोर

गाडीचं ॲप केतकीने निघण्यापूर्वी फोनमध्ये घालून दिलं होतं. "बाबा, तिकडे टॅक्सीवाल्यांशी भाव करत बसू नका, तुम्हाला भाषा येत नाही. इथे पत्ता टाकायचा, गाडी येते, बसायचं." शेजारच्या पोराला शाळेत सोडताना सांगावं तसं सांगत होती.

गाडी आली असं ॲप म्हणत होतं, आणि मला ती दिसत नव्हती. कारण नंबरप्लेट. आपण आकडे बघतो. मुंबईत शेवटचे चार आकडे बघितले की काम झालं. तिथे आकड्यांच्या आधी त्यांची अक्षरं, आणि समोर उभ्या दहा गाड्यांपैकी सात पांढऱ्या. परळच्या नाक्यावर असतो तर ड्रायव्हरला फोन करून ओरडलो असतो, "भाऊ, पंपासमोर उभा आहे, चेक्स शर्ट." इथे कोण फोन करणार? ड्रायव्हर ॲपमध्ये थाई भाषेत लिहायचा, त्याचं आपोआप इंग्रजी होऊन यायचं. 'मी पोचलो आहे.' 'मी चार नंबर दारापाशी आहे.' 'तुम्ही दुःखी आहात का?' हे शेवटचं काय भाषांतर होऊन आलं होतं देव जाणे. बहुधा 'हरवलात का' असं काहीतरी असेल. पण मी विमानतळाच्या दारात ते वाचून रडलो, अगदी हुंदके देऊन. मंगळवारपासून पहिल्यांदा.

गाडीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. रस्त्यावर तुंबलेल्या गाड्या दादरसारख्याच, पण एकही हॉर्न नाही. मला ते बरं वाटलं नाही, उलट गुदमरायला झालं. आपल्याकडचा ड्रायव्हर दादर येईपर्यंत तुमचं गाव, मुलं, मधुमेह सगळं काढून घेतो. हा माणूस तासभर एक शब्द बोलला नाही, आणि उतरताना मात्र हात जोडून वाकला.

मंगेशची खोली

खोली म्हणजे आमच्या जुन्या चाळीतल्या खोलीएवढीच. घरमालकीण साठीची, तिला सगळे पी-नोई म्हणतात. पी म्हणजे ताई. तिने कुलूप उघडलं आणि स्वतः बाहेर उभी राहिली. आत सगळं जागच्या जागी. घडी घातलेले शर्ट, धुतलेला टोप, खिडकीत तुळस नव्हे पण तिच्या जातीचंच काहीतरी त्यांचं झाड. दारूची बाटली शोधायला म्हणून माझी नजर फिरली हे मी कबूल करतो. नव्हती. किरणला विचारलं तर तो चमकला. "पीते थे? मंगेश भाई? पाँच साल से तो मैंने नहीं देखा, भैया." पाच वर्षं. आईला ते माहीत असणार, दर रविवारी बोलायची ती. मी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही.

संध्याकाळी पी-नोईने वाडगाभर गरम पेज आणून दिली. भात शिजवून शिजवून पार विरघळवलेला, वरून आल्याचे तुकडे आणि अंडं. मी बघतच राहिलो. किरण म्हणाला, मंगेश भाई रोज सकाळी हेच खायचे, म्हणायचे घरची पेज आहे. आमच्याकडे पेजेबरोबर खारातला आंबा असतो, अंडं नसतं, पण बाकी काही फरक नव्हता. नऊ वर्षं तो इथे बसून पेज जेवत होता आणि मी परळला पाव-बटर खाऊन ऑफिसला जात होतो. ती पेज मला जाईना.

दुसरा दिवस कागदपत्रांत गेला. हॉस्पिटल, दूतावास, मग पुन्हा हॉस्पिटल, कारण एका कागदावर शिक्का राहिला होता. ऑफिस बंद व्हायला अर्धा तास उरलेला आणि रस्ते तुंबलेले. किरण म्हणाला, "बाइक बुलाते हैं." त्याच ॲपवर मोटरसायकलही येते. मी उभ्या आयुष्यात मोटरसायकलवर मागे बसलो असेन दोनदा. हेल्मेट माझ्या डोक्याला मोठं, ते डोळ्यांवर यायचं. सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत, आणि दोन्ही हातांनी त्या अनोळखी माणसाच्या पोटाला मिठी. ट्रकांच्या मधून तो सुळकन जायचा तेव्हा वाटायचं, आता आईला एकदम दोन मुलगे मिळणार. पोचलो एकदाचे. त्या माणसाने माझ्या डोक्यावरचं हेल्मेट स्वतः काढलं, हनुवटीखालचा पट्टा मला सुटत नव्हता.

विहार

अग्नी विहारातच दिला. पी-नोईने भिक्षूंशी बोलून सगळं ठरवलं होतं, मी फक्त मान हलवत होतो. आपल्याकडे स्मशानात एवढी घाई असते. कोण खांदा देतंय, मडकं कोणी आणलं, लाकडं का विद्युत, त्यात माणूस कधी गेला तेही कळत नाही. इथे सगळे ओळीने एकेक जण वर गेले आणि लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची केलेली फुलं त्याच्याजवळ ठेवून आले. हॉटेलातले वेटर, भांडी घासणारी बाई, रस्त्यावरचा फळवाला. मंगेशला एवढे लोक ओळखत होते. शेवटी मी. मला वाटलं त्याच्याशी काहीतरी बोलावं. मी म्हटलं, "मंग्या, चल." 

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी वेचायला बोलावलं. तिथली पद्धत अशी, की राखेतून वेचलेली हाडं एका ट्रेवर माणसाच्या आकारात मांडतात. डोकं, छाती, हात, पाय. आधी तोंड पश्चिमेला, मग सगळं विस्कटून पुन्हा पूर्वेला मांडतात, म्हणजे गेलेला आता पुन्हा जन्माला यायला निघाला. वर सुगंधी पाणी आणि पाकळ्या. हातभर मंगेश माझ्यासमोर निजलेला होता. लहानपणी चाळीच्या गॅलरीत तो असाच हातपाय पसरून झोपायचा आणि मला जागा पुरायची नाही.

मग ते सगळं पांढऱ्या कापडात बांधून झाकणाच्या छोट्या मडक्यात घातलं. पी-नोईने दोन्ही हातांनी मडकं मला दिलं. मी ते आईने दिलेल्या पिशवीत ठेवलं. दादरच्या एका साडीच्या दुकानाची जाड कापडी पिशवी, मराठी अक्षरांची. किरणने आमचा फोटो काढला. म्हणाला, "माँ को दिखाना." त्याला दुपारच्या जेवणाच्या वेळेआधी हॉटेलात पोचायचं होतं, तो गेला. पी-नोईही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं विमान, म्हणून मी विमानतळाजवळ एक हॉटेल घेतलं होतं. विहाराच्या फाटकात उभं राहून मी गाडी बोलावली.

आता नीट ऐका, कारण जे काही झालं ते इथे झालं.

मुंबईत ॲपवरची गाडी आली की पहिला प्रश्न काय असतो? "किधर जाना है? कॅश या ऑनलाइन?" ऑनलाइन म्हटलं की ड्रायव्हरचा चेहरा पडतो, तो गाडी हलवत नाही. मग आपणच म्हणायचं, "कॅन्सल करतो भाऊ, डायरेक्ट चला." कंपनीचा वाटा वाचतो, तो खूश, आपण खूश. आईला महिन्यातून एकदा गिरगावात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो, ते नेहमी असंच. लालबागचा पूल चढायच्या आत माझं बोट कॅन्सलवर गेलेलं असतं. चार वर्षांत मी एकही प्रवास ॲपवर पुरा केला नसेल. सवयच ती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. गरिबाचं भलं करतो म्हणून.

गाडी आली. ड्रायव्हर पंचेचाळिशीचा, हसरा. त्याने काहीही विचारलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. मीच फोन त्याच्यासमोर धरला, कॅन्सल दाबलं, खिशातल्या नोटा दाखवल्या आणि अंगठा वर केला. तो गोंधळला. मी पुन्हा खुणा केल्या, कंपनी नाही, तू आणि मी. मग तो हसला आणि मान हलवली. मला केवढं बरं वाटलं! चार दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी जमलं होतं.

डिकीत माझी बॅग, मंगेशच्या सामानाची काळी सॅक, आणि ती पिशवी. पिशवी मी डिकीत का ठेवली? गाडीत पुढे बुद्धाची छोटी मूर्ती होती, आरशाला ताजा गजरा लटकत होता. मनात आलं, मूर्तीसमोर अस्थी नकोत, याला चालणार नाही. आपल्याकडे चाललं नसतं. एवढंच कारण तेव्हा मी स्वतःला दिलं. कोपऱ्यात नीट बसवली, कलंडू नये म्हणून बाजूला त्याचा स्पेअर टायर होता त्याला टेकवली.

हॉटेलच्या दारात गाडी थांबली आणि फोन वाजला. आई. तिला फोन लावता येत नाही, सुमनने लावून दिला असणार. मी फोन कानाला लावून उतरलो. ड्रायव्हरने डिकी उघडली, पोर्टरने बॅग काढली, सॅक काढली, आपल्या ढकलगाडीवर ठेवली. मी दुसऱ्या हाताने पैसे दिले.

"मंगेशाक घेतलंस मां?" आई विचारत होती.

"हो आई. आहे ना माझ्याजवळ."

"संबाळून आण हां."

"आणतो गं. काळजी करू नकोस."

ड्रायव्हरने हात जोडले. मी हसून मान हलवली. गाडी वळून गेली.

हॉटेल

वर खोलीत जाऊन तोंड धुतलं, आईशी बोलल्याने जरा हलकं वाटत होतं. पिशवी कुठे ठेवावी, टेबलावर ठेवू की कपाटात, असा विचार करत वळलो. मग जे झालं ते मला लिहिता येत नाही. मी अनवाणी खाली धावलो, एवढं सांगतो. लिफ्टची वाट बघितली नाही, सहा मजले.

ॲप उघडलं. प्रवासांच्या यादीत सगळ्यात वर 'रद्द'. ड्रायव्हरचं नाव नाही, फोन नाही, गाडीचा नंबर नाही. मदतीच्या खिडकीत लिहिलं, वस्तू गाडीत राहिली. उत्तर आलं: 'हा प्रवास आपण रद्द केला होता. आपण या गाडीत बसला नव्हता.' मी लिहिलं, बसलो होतो. उत्तर: 'नोंदीनुसार नाही.' मी पुन्हा लिहिलं, माझा भाऊ आहे गाडीत. त्यावर उत्तर आलं, भावाने त्याच्या ॲपवरून संपर्क करावा. शेवटी तक्रार पुढे पाठवली असं कळवलं, आणि त्या पुढचं अजून काही आलेलं नाही.

हॉटेलच्या कॅमेऱ्यात पांढरी गाडी दिसत होती, नंबरप्लेटच्या पुढ्यात पोर्टर उभा. दहा वेळा तेच बघितलं. त्यात मी फोनवर बोलताना दिसत होतो, आणि चांगला हसत होतो.

किरण कामावर सुट्टी टाकून आला. पोलिसांकडे गेलो. फॉर्मवर 'हरवलेल्या वस्तूची किंमत' असा रकाना होता. अधिकारी तरुण होता, पेन धरून माझ्याकडे बघत राहिला. किरणने थाईमध्ये त्याला सांगितलं काय आहे ते. त्याने पेन खाली ठेवून आधी हात जोडले, मग तो रकाना तसाच रिकामा सोडला.

विमान पुढे ढकललं. घरी सांगितलं की एक कागद राहिलाय. आईने विचारलं, "मंगेश खंय आसा आता?" मी म्हटलं, "इथेच आहे, खोलीत." फोन ठेवला आणि भिंतीवर डोकं आपटलं. खरंच आपटलं, पोराटोरांसारखं. च्यायला, एकदा गेला तेव्हा मी घालवला, आणि दुसऱ्यांदाही मीच.

पुन्हा विहाराचं फाटक

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आणि किरण त्याच फाटकात. युक्ती माझीच. तिथून गाडी बोलवायची, म्हणजे आसपास फिरणारे ड्रायव्हर येतील, न जाणो तोच येईल. गाडी आली की काचेतून बघायचं, आरशाला गजरा आहे का. मेलं प्रत्येकच गाडीत गजरा होता! ड्रायव्हर तो नसला की किरण फोनवरचा फोटो दाखवायचा, ही पिशवी, हा माणूस, कोणी पाहिलं का. मग गाडी कॅन्सल. पुन्हा बोलवायची. कोणी चिडलं नाही. एक बाई ड्रायव्हर खाली उतरली आणि माझ्या दंडावर हात ठेवून उभी राहिली. दुसऱ्याने फोटो स्वतःच्या फोनवर घेऊन ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला.

दुपारपर्यंत ॲपने मला बंद केलं. वारंवार गाड्या रद्द करत असल्याने खातं स्थगित, असा निरोप आला. मुंबईत चार वर्षं जे केलं त्याबद्दल कोणी हटकलं नाही, इथे अर्ध्या दिवसात शिक्षा झाली. किरणने स्वतःच्या फोनवरून बोलवायला सुरुवात केली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

संध्याकाळी त्याच ग्रुपवर उत्तर आलं. मराठी अक्षरांमुळे त्या ड्रायव्हरने पिशवी ओळखली होती. उद्या सकाळी येतो, असा निरोप. मी किरणला घट्ट मिठी मारली. त्या रात्री पोटभर जेवलो, हे आठवलं की अजून लाज वाटते.

सकाळी तीच पांढरी गाडी आली. तोच माणूस, सोमचाय त्याचं नाव, पांढरा शर्ट घालून आलेला, बरोबर बायको. त्याने पिशवी माझ्या हातात ठेवली. धुतलेली, इस्त्री केलेली, घडी घातलेली. वजन काहीच नाही.

मी किरणकडे बघितलं. किरण त्याच्याशी बोलत होता आणि बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला.

"भैया, इसने बहा दिया. नदी में."

त्याच संध्याकाळी डिकी झाडताना त्याला पिशवी सापडली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे नवरा-बायकोने जवळच्या विहारात जाऊन भिक्षूंना जेवण दिलं, अनोळखी माणसाच्या नावाने प्रार्थना करून घेतली, होडी केली, आणि मधोमध जाऊन फुलांबरोबर अस्थी पाण्यात सोडल्या. त्याने फोनवर फोटो दाखवला. पिवळ्या पाकळ्या आणि तपकिरी पाणी. आम्ही फाटकात उभे राहायच्या आधीच सगळं झालेलं होतं.

"हॉटेल ठाऊक होतं ना याला?" मी किरणवर ओरडलो. "परत का नाही आणून दिली? विचार त्याला! दहा मिनिटांचं काम होतं!"

किरणने विचारलं.  सोमचाय हळूहळू, शब्द निवडून बोलावं तसा बोलला. त्याची बायको खाली बघत होती. किरण भाषांतर करायला तयार होईना. मी त्याचा खांदा धरून हलवला तेव्हा म्हणाला:

"बोलता है, बीस साल गाड़ी चला रहा हूँ, इधर कोई पैसेंजर ऐसे अपने आप कैंसल नहीं करता. आपने पहले ही नाम-नंबर मिटा दिया, ताकि कोई ढूँढ़ न सके. फिर सब सामान लिया, बस यही छोड़ा, और हँसते हुए चले गए. तो ये समझा कि आप इनको घर ले जाना नहीं चाहते. कभी-कभी घर वाले नहीं चाहते. बोलता है, वापस लाता तो आपको शर्म आती. इसलिए खुद कर दिया."

सोमचाय आणि त्याची बायको हात जोडून उभे होते, माफी मागत होते. त्यांना वाटलं मी रागावलोय. मी कसला रागावणार? त्या माणसाने मला तासभर बघितलं होतं आणि माझ्याबद्दल जे ओळखलं ते नऊ वर्षं खरंच होतं. त्या दिवशी मात्र ते खरं नव्हतं, हो. मंग्याला मी न्यायलाच आलो होतो. पण ते कोणत्या भाषेत सांगणार होतो, आणि कोणाला?

मी त्याचे हात धरले आणि मराठीतच म्हटलं, "उपकार झाले तुमचे." किरणने ते काय करून सांगितलं, मी विचारलं नाही.

परळ

विमानात मी खोटं रचत होतो. कस्टमवाल्यांनी घेतलं, मडकं फुटलं, तिथलं सरकार देत नाही. सगळं पाठ करून घरी आलो. सुमनने दार उघडलं. आई आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून खाटेवर बसली होती. मांडीवर पांढरा टॉवेल पसरलेला, आणि दोन्ही हात पुढे केलेले.

त्या हातांपुढे मला खोटं बोलता आलं नाही. जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कॅन्सल कसं केलं, डिकीत कसं ठेवलं, फोनवर 'माझ्याजवळ आहे' म्हणालो तेव्हा तो कुठे होता, सगळं. तिचे हात हळूहळू खाली आले. सुमन पदर तोंडाला लावून उभी होती.

आई म्हणाली, "तेका मांडयेर कित्याक नाय घेतलंस रे?"

मूर्ती होती, ड्रायव्हरला चाललं नसतं, हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण खरं कारण मला त्या क्षणी कळलं आणि ते मी बोललो. "आई, मला त्याची भीती वाटली गं. मांडीवर घेऊन बसलो असतो तर तासभर त्याच्याशी काय बोललो असतो?"

तिने मान हलवली. टॉवेलची घडी घातली. मग विचारायला लागली.

"त्या ड्रायव्हरान फुलां घातल्यान?"

"घातली."

"भात दिल्यान कोणाक तेच्या नावान?"

"भिक्षूंना जेवण दिलं, आई. बायकोही बरोबर होती त्याची."

"नदी स्वच्छ आसा?"

"मोठी आहे. समुद्राला मिळते."

"मगे भाऊस तोच तेचो," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दीड महिना झाला याला. ती माझ्याशी बोलते. चहा मागते, डोळ्यांत थेंब घालून घेते, परवा गिरगावात डॉक्टरकडे नेलं तेव्हा हात धरून गाडीतून उतरली. रविवारी मात्र मंगेशच्या फोनच्या वेळेला ती किरणला फोन लावायला सांगते, त्याला सोमचायची खुशाली विचारते, त्याच्या बायकोची, पोरांची. तेवढा वेळ मी बाहेर जाऊन उभा राहतो.